उत्सवाचा परवाना : एक अर्ज, एक मुदत, एक उत्तर

लेखमाला : नगर आणि नागरिक
लेखांक सातवा

गेल्या लेखांकात आठवडी बाजाराच्या जागेचा आणि तीवरील नगरपरिषदेच्या अधिकाराचा विचार आपण केला. ज्या रस्त्यावर आठवड्यातून एक दिवस बाजार भरतो, त्याच रस्त्यावर वर्षातून काही दिवस गणपतीचा मंडप उभा राहतो, देवीची मिरवणूक निघते, थोर पुरुषांच्या जयंतीनिमित्त व्याख्याने होतात आणि महाप्रसादाच्या पंगती बसतात. म्हणून बाजारामागोमाग सार्वजनिक उत्सवांच्या परवान्याचा प्रश्न ओघानेच येतो. हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी स्वरूपाचा वाटतो. परंतु समाजाने एकत्र येण्याचा हक्क आणि शासनाने सर्वांच्या सुरक्षिततेची जबाबदारी वाहण्याचे कर्तव्य ही दोन्ही ज्या ठिकाणी एकमेकांस भेटतात, ते ठिकाण हेच असल्यामुळे त्याचा विचार स्वस्थपणे आणि मुळापासून करणे अगत्याचे आहे.

बुलढाणा जिल्ह्याला तर या प्रश्नाची ओळख वर्षभर पटत असते. १२ जानेवारीस सिंदखेडराजा येथे जिजाऊ जन्मोत्सव, माघ वद्य सप्तमीस शेगावी श्री गजानन महाराजांचा प्रकटदिन, फाल्गुनात होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांची यात्रा, अक्षय्य तृतीयेस जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळची घटमांडणी, आश्विनात देऊळगाव राजा येथे बालाजीचा यात्रोत्सव आणि कोजागरीपासून खामगावी जगदंबेचा उत्सव, ही झाली केवळ ठळक नावे. जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांच्या मुख्य ठिकाणी मिळून ११ नगरपरिषदा आणि २ नगरपंचायती आहेत. या प्रत्येक गावात गल्लोगल्लीचे गणेशोत्सव, शारदोत्सव, हरिनाम सप्ताह, उरूस, शिवजयंती आणि आंबेडकर जयंती यांची गणना केली, म्हणजे परवान्याच्या अर्जांचा ओघ किती अखंड असेल याची कल्पना येते.

आता एखाद्या सामान्य नवरात्र मंडळाने दहा दिवसांचा उत्सव करावयाचे योजिले, तर त्याला कोणकोणत्या दारी जावे लागते ते पाहू. घरोघरी पावती फाडून वर्गणी गोळा करावयाची, आणि मंडळ नोंदलेले नाही, म्हणून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ४१ क अन्वये धर्मादाय कार्यालयाची परवानगी. मंडप सार्वजनिक जागेवर घालावयाचा, म्हणून नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांची मंजुरी. ध्वनिक्षेपक लावावयाचा आणि मिरवणूक काढावयाची, म्हणून पोलीस ठाण्याचा परवाना. रोषणाई करावयाची, म्हणून महावितरणची तात्पुरती वीजजोडणी. प्रसादाचा स्वयंपाक सार्वजनिक रीतीने करावयाचा, म्हणून अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी. आणि करमणुकीचे नाटक बसवावयाचे असेल, तर रंगभूमी प्रयोग परीनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र. यांपैकी एकही अट निरर्थक आहे असे म्हणता येणार नाही. वर्गणीचा हिशेब राहावा, तारेचा धक्का बसू नये, अन्नातून विषबाधा होऊ नये, रुग्णाला निद्रा मिळावी, हे प्रत्येक अटीमागचे हेतू सर्वथैव योग्यच आहेत. दोष अटींत नसून त्यांच्या मांडणीत आहे. एका दाराची ना हरकत मिळाल्याखेरीज दुसरे दार उघडत नाही. पोलीस ठाण्यात नगरपरिषदेचा कागद मागतात, नगरपरिषदेत ठाणेदारांचे पत्र आणावयास सांगतात, आणि एकाच नकाशाच्या, एकाच हमीपत्राच्या आणि पदाधिकाऱ्यांच्या एकाच यादीच्या प्रती निरनिराळ्या दप्तरांत जाऊन पडतात.

ही पद्धती अस्तित्वात कशी आली, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. वऱ्हाड प्रांताचा कारभार १८५३ साली निजामाकडून कंपनी सरकारकडे आला आणि १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला. १८६१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ३० ने सभा आणि मिरवणुकी यांना परवाना घ्यावयास लावण्याचा, इतकेच नव्हे तर सणासमारंभाच्या प्रसंगी रस्त्यावर वाद्ये किती वाजवावीत हे ठरविण्याचा अधिकार पोलीस अधिकाऱ्यांस दिला होता. १८५७ च्या उठावानंतर अवघ्या चार वर्षांनी झालेल्या त्या कायद्याच्या दृष्टीने जमलेली प्रजा ही मुख्यतः संशयाचा विषय होती. पुढे १८९३ पासून लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले आणि उत्सव हे लोकजागृतीचे साधन झाले, तेव्हा तो संशय अधिकच दृढ झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला, आणि त्यानंतर १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम, ज्याला आज आपण महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतो, येथेही लागू झाला. त्यातील कलम ३३ खाली नियम करण्याचा, कलम ३६ खाली मिरवणुकीचा मार्ग, वेळ व वर्तन यांविषयी आदेश देण्याचा आणि कलम ३७ खाली जमावबंदी जारी करण्याचा अधिकार आजही चालू आहे. राज्य परकीयांचे राहिले नाही, प्रजेचे नागरिक झाले. तथापि अर्जदाराकडे पाहण्याची दृष्टी मात्र त्या प्रमाणात पालटली नाही.

ती दृष्टी कशी असावी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच सांगून ठेविले आहे. हिंमतलाल शहा विरुद्ध पोलीस आयुक्त, अहमदाबाद या खटल्यात याच १९५१ च्या अधिनियमाच्या कलम ३३ खालील एक नियम घटनापीठापुढे आला होता. सार्वजनिक रस्त्यावर सभा भरविण्यास आगाऊ परवानगी लागेल असे तो नियम म्हणत होता. मात्र ती परवानगी कोणत्या कारणांनी द्यावी वा नाकारावी, याविषयी त्यात अवाक्षर नव्हते. न्यायालयाने असा निर्णय दिला की, सभेचे नियमन करण्याचा अधिकार राज्यास अवश्य आहे, परंतु अधिकाऱ्याच्या मर्जीवर सर्वस्वी अवलंबून राहील असा अनिर्बंध अधिकार घटनेच्या अनुच्छेद १९ मधील शांततेने एकत्र येण्याच्या हक्काशी विसंगत आहे. आणि तो नियम रद्द ठरविला. या निर्णयातील तत्त्व परवान्याच्या प्रत्येक कागदाला लावून पाहण्याजोगे आहे. नागरिकाने परवाना मागणे ही याचना नव्हे, आणि नकार द्यावयाचा तर तो पूर्वी लिहून ठेवलेल्या कसोटीवर, लेखी कारणांसह दिला पाहिजे.

राज्य शासनाने या दिशेने काही पावले टाकलेली आहेत, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. मुंबई महानगरपालिकेने गणेश मंडपांसाठी एक खिडकी पद्धती सुरू केली असून तीत स्थानिक पोलीस आणि वाहतूक पोलीस यांची ना हरकत एकाच अर्जातून मिळविता येते. ज्या मंडळांनी मागील दहा वर्षे नियमांचे पालन केले आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार नाही, त्यांना सलग पाच वर्षांची परवानगी एकदाच द्यावी, असे धोरण २०२३ साली जाहीर झाले. २०२५ साली तर गणेशोत्सवास राज्य महोत्सवाचा दर्जा देण्यात आला. परंतु महानगरात जी सोय शोभते, ती ज्या गावात नगरपरिषदेचे मनुष्यबळ तुटपुंजे आहे त्या गावात जशीच्या तशी आणून भागणार नाही. लहान शहरासाठी लहान शहराच्या मापाची व्यवस्था हवी, आणि तिची रूपरेषा येथे मांडण्याचा प्रयत्न करितो.

पहिली गोष्ट अशी की सर्व उत्सव एकाच तागडीत तोलू नयेत. मंदिराच्या सभामंडपातील शंभर माणसांचे कीर्तन आणि लक्षावधी भाविकांची सैलानीची यात्रा यांना एकच नमुना आणि एकच चौकशी लावली, तर कीर्तनाला नाहक खोळंबा होतो आणि यात्रेला हवे तितके लक्ष मिळत नाही. म्हणून तीन श्रेणी कराव्यात. ज्या कार्यक्रमात रस्ता अडत नाही, ध्वनिक्षेपक नाही आणि जमाव ठरावीक संख्येच्या आत आहे, त्यासाठी केवळ लेखी वर्दी पुरेशी मानावी. ठरलेल्या मुदतीत हरकत आली नाही, तर कार्यक्रम निर्वेध व्हावा. इंग्लंडमध्ये पाचशेहून कमी माणसांच्या तात्पुरत्या करमणुकीच्या कार्यक्रमास अशाच प्रकारे, कामाचे दहा दिवस आधी स्थानिक संस्थेस सूचना देऊन आणि तिची प्रत पोलिसांस पाठवून भागते. दुसरी श्रेणी गल्लीतील मंडप, ध्वनिक्षेपक आणि मिरवणूक यांची. तिच्यासाठी नगरपरिषदेत एकच अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रती सर्व खात्यांकडे एकाच दिवशी पाठविण्याचे काम नगरपरिषदेने करावे. तिसरी श्रेणी मोठ्या यात्रा आणि महोत्सव यांची. तेथे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली सर्व खात्यांनी यात्रेपूर्वी पुष्कळ आधी एकत्र बसून आराखडा ठरवावा.

दुसरी गोष्ट मुदतीची. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने अधिसूचित सेवांसाठी कालमर्यादा, नकाराची लेखी कारणे, दोन पायऱ्यांचे अपील, त्यावर लोकसेवा हक्क आयोग, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड अशी सुस्पष्ट व्यवस्था लावून दिली आहे. उत्सवाच्या परवानग्यांची सबंध साखळी, तिच्या एखाद्या कडीपुरती नव्हे तर अखेरच्या ना हरकतीपर्यंत, या चौकटीत आणली पाहिजे. अर्जाच्या पोचेवरच अंतिम उत्तराची तारीख लिहून मिळावी. घटस्थापना तिथीने ठरलेली असते आणि ती कोणत्याही दप्तरासाठी पुढे ढकलता येत नाही. सबब उत्सवाच्या आदल्या सायंकाळी मिळालेला परवाना हा न मिळाल्यासारखाच होय, कारण तोपर्यंत मंडप घालून झालेला असतो आणि अर्जदार नकळत कायद्याच्या कक्षेबाहेर गेलेला असतो.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, अशी की सुलभीकरण म्हणजे शैथिल्य असा अर्थ कोणी करून घेऊ नये. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्या जागेत ध्वनिक्षेपकास मनाई आहे. राज्य शासनास वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ मध्यरात्री १२ पर्यंत वाढविता येते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचे १०० मीटरचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित केले जाते. या मर्यादांवर तडजोड होता कामा नये. छातीत धडकी भरविणाऱ्या डीजेच्या भिंती उभारणारास परवाना सहज मिळावा म्हणून हा लेख लिहिलेला नाही. रुग्णवाहिकेची वाट मोकळी ठेवणे, विजेची जोडणी अधिकृत असणे आणि अग्निशमनाची तजवीज असणे, या अटी अर्ज कितीही सोपा झाला तरी तशाच राहिल्या पाहिजेत.

गर्दीच्या बाबतीत तर बेफिकिरीचे फळ महाराष्ट्राने भोगले आहे. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविक प्राणास मुकले. अरुंद चढाची वाट, दोन्ही बाजूंनी दाटीने लागलेली दुकाने, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि त्यात उसळलेली आग, असा तो अनर्थ घडला. तत्पूर्वी, ऑगस्ट २००३ मध्ये नाशिकच्या कुंभमेळ्यात ३९ जण गर्दीत चिरडले गेले होते. आमच्या सैलानीच्या यात्रेतही नारळांची मोठी होळी पेटते आणि तिच्याभोवती अफाट जनसमुदाय लोटतो. अशा ठिकाणी येण्याची वाट आणि जाण्याची वाट निराळी आहे की नाही, दुकानांनी रस्ता किती व्यापला आहे, पाण्याचे टँकर आणि रुग्णवाहिका कोठे उभ्या राहतील, हे प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणारा अंमलदार हवा. तो अंमलदार जर गल्लीतील भजनी मंडळाच्या अर्जावर तिसऱ्यांदा शेरा मारण्यात गुंतलेला असेल, तर मोठ्या यात्रेची पाहणी कोण करणार? लहानांचा मार्ग सोपा करण्याचे खरे प्रयोजन हेच आहे की मोठ्यांची देखरेख कसून व्हावी.

या सुधारणेसाठी नवा कायदा करावयास हवा असे नाही. प्रत्येक नगरपरिषदेने आपल्या सभेत ठराव करून एक नमुना अर्ज, एक दरपत्रक आणि मंडपास योग्य व अयोग्य अशा जागांची एक यादी तयार करावी. ती मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयाबाहेरील फलकावर लावावी. आणि श्रावण लागण्यापूर्वी ठाणेदार, महावितरणचे अभियंते आणि अग्निशमनाचे प्रमुख यांना एका ठरावीक वारी एकाच ठिकाणी बसविण्याची विनंती जिल्हा प्रशासनाने मान्य करावी. सणांपूर्वी शांतता समितीची बैठक आपल्याकडे प्रघाताने होतच असते. तिच्यात केवळ सूचना ऐकवून न थांबता त्याच दिवशी अर्ज स्वीकारले गेले, तरी अर्धे काम होईल.

मंडळांनीही आपले कर्तव्य ओळखले पाहिजे. ज्यांना वेळेवर परवाना हवा, त्यांनी वेळेवर अर्ज केला पाहिजे. वर्गणीचा हिशेब लिहून धर्मादाय कार्यालयास सादर केला पाहिजे. महावितरण धार्मिक उत्सवांना घरगुती दराने तात्पुरती वीज देत असता खांबावर आकडा टाकण्याचे टाळले पाहिजे. दहा वर्षांची निष्कलंक वागणूक पाच वर्षांची परवानगी मिळवून देत असेल, तर त्या सचोटीचे मोल कोणत्याही वशिल्याहून अधिक आहे.

वाचकांस विनंती अशी की आपल्या गावच्या नगरपरिषदेत हा विषय पुढील सर्वसाधारण सभेपुढे यावा म्हणून आपल्या नगरसेवकाकडे लेखी मागणी करावी, आणि उत्सवाचा अर्ज ज्या दिवशी दाखल होईल त्याच दिवशी त्याची पोच, उत्तराच्या तारखेसह, मागून घ्यावी. पुढील लेखांकात उत्सव संपल्यावर मागे राहणारा कचरा आणि मूर्तिविसर्जनाची तळी यांचा विचार करू.