सव्वीस भाग, खेळ खल्लास!

माहीत आहे का, मालिका चक्क संपतेसुद्धा?

थट्टा नाही! २३ जून २०१४ ला झी समूहाचं 'जिंदगी' चॅनल सुरू झालं आणि अंधेरी-बोरिवलीच्या वन बीएचकेमध्ये पाकिस्तानातलं उर्दू सासर अवतरलं. 'जिंदगी गुलजार है'मध्ये भांडण, लग्न, गैरसमज, समेट, सगळं २६ भागांत आटोपलं. पुनर्जन्म नाही, प्लास्टिक सर्जरी नाही!

आता आपला हिशोब. अंधेरीच्या बालाजी टेलिफिल्म्सची 'क्योंकि सास भी कभी बहू थी' २००० ते २००८ अशी तब्बल १८३३ भाग चालली. तेवढ्यात 'जिंदगी गुलजार है'ची जोडी कशफ आणि जारून सत्तर वेळा बोहल्यावर चढले असते!

मराठीनेही हौस कमी केली नाही हं. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं, की बाळाच्या आधी व्हॉट्सॲपवरच्या विनोदांनीच बाळसं धरलं.

बरं, पाकिस्तानात हे ड्रामे आठवड्याला एक भाग दाखवतात. सहा महिने पुरवून खायचं लोणचं आपण महिन्याभरात फस्त केलं!

आणि नायिका कशफ? मुलगा हवा म्हणून दुसरं लग्न केलेल्या बापाची मुलगी. ती स्पर्धा परीक्षा देऊन सरकारी अधिकारी होते. एमपीएससीवाल्या ताईंनो, टाळ्या! लेखिका उमेरा अहमद, दिग्दर्शिका सुलताना सिद्दीकी. या सिद्दीकीबाई मूळ वाहिनीच्या, म्हणजे हम टीव्हीच्याही संस्थापक. मालकीणबाईच 'ॲक्शन' म्हणणार, मग नखरे करणार कोण?

'हमसफर' ही पाकिस्तानी मालिका त्याहून आटोपशीर, २३ भाग. नवरा-बायकोच्या ताटातुटीवर जिच्या सुरांत रुमाल भिजले, ती शीर्षक-गझल नसीर तुराबींनी लिहिली होती १९७१ ला बांगलादेश वेगळा झाला त्या दुःखावर. घटस्फोट खरा, पण देशांचा!

चेंबूरकर, तुमचाही नंबर आहे. आर.के.च्या 'हिना'चे (१९९१) संवाद लिहिले पाकिस्तानी टीव्हीच्या लाडक्या लेखिका हसीना मोईन यांनी. त्यांच्या १९८७ च्या 'धूप किनारे'वरून सोनीने २०११ मध्ये 'कुछ तो लोग कहेंगे' बेतली. त्यातला डॉक्टर कोण, माहीत आहे का? मोहनीश बहल! नूतनचा मुलगा, शोभना समर्थांचा नातू. म्हणजे कराचीच्या डॉक्टरचं आजोळ थेट मराठी.

जारून झालेल्या फवाद खानची गाडी तर फास्ट लोकल. २०१४ च्या जूनमध्ये टीव्हीवर, १९ सप्टेंबरला 'खूबसूरत'मध्ये सोनम कपूरसमोर!

मग सिग्नल लाल. २०१६ मध्ये उरीचा हल्ला झाला आणि 'जिंदगी'ने पाकिस्तानी मालिका थांबवल्या. फवाद असलेल्या 'ऐ दिल है मुश्किल'चा वाद मुख्यमंत्र्यांच्या 'वर्षा' बंगल्यावर पोचला आणि सैन्य कल्याण निधीला ५ कोटी देण्याची अट पुढे आली. (सैन्याला असा निधी नकोसा होता, हेही बातम्यांत आलं. आम्हालाही तो सौदा अवघडच वाटला.)

२०२० मध्ये 'जिंदगी' झी५ वर परतली, 'चुडैल्स' घेऊन. नवऱ्यांच्या लफड्यांचा छडा लावणाऱ्या बुरखाधारी बायका! पहलगामच्या हल्ल्यानंतर मे २०२५ मध्ये केंद्राने ओटीटींना पाकिस्तानी कंटेंट बंद करायला सांगितलं.

आणि त्याच वर्षी २९ जुलैला टीव्हीवर परत कोण आलं? 'क्योंकि'ची तुलसी विराणी. भाग मोजायला घ्या!