धुराड्याला पोलादी अस्तर

आंघोळीच्या पाण्यासाठी तांब्याचा बंब पेटवलेल्यांना एक गोष्ट नक्की आठवेल. आधी धूर अंगावर येतो, डोळे चुरचुरतात. मधली नळी तापली की मात्र तोच धूर सुळकन वर जातो आणि खालचा जाळ घुमू लागतो. तापलेली हवा हलकी होऊन वर निघते आणि जाताना खालून ताजी हवा ओढून घेते. अमेरिकेतल्या मेन, व्हर्माँटसारख्या थंड राज्यांत घराच्या तळघरात लाकडावर चालणारा स्टोव्ह बसवायचा, तर सगळी मदार याच ओढीवर असते. फक्त तिथली नळी दुमजली घराच्या छपरावर निघणारी, तीस-पस्तीस फूट उंच असते आणि बाहेर पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरलेला असू शकतो.

१९७३च्या तेलटंचाईत घरे तापवण्याचे तेल महागले, तेव्हा अनेक कुटुंबे पुन्हा लाकडाकडे वळली. विटांचे धुराडे घरात होतेच. त्याला स्टोव्हची नळी जोडून कित्येकांनी काम भागवले. पण ती धुराडी उघड्या शेकोटीसाठी किंवा तेलाच्या भट्टीसाठी बांधलेली होती. शेकोटीच्या धुराड्याची आतली पोकळी बारा इंच लांब-रुंद, म्हणजे १४४ चौरस इंचांची असू शकते. स्टोव्हच्या सहा इंची गोल तोंडाचे क्षेत्रफळ जेमतेम २८ चौरस इंच. अरुंद तोंडातून आलेला धूर त्या प्रशस्त पोकळीत रेंगाळतो, आणि रेंगाळला की थंड होतो.

धोका सुरू होतो तो इथून. ओले किंवा अर्धवट जळणारे लाकूड पाण्याच्या वाफेबरोबर डांबरासारखी द्रव्येही सोडते. धूर सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या खाली उतरला, की ती धुराड्याच्या भिंतींवर साचतात. या काळ्या थराला क्रिओसोट म्हणतात. एखाद्या रात्री ठिणगीने तो पेटला, तर आतले तापमान हजार अंशांच्या पुढे जाते आणि धुराडे आगगाडी गेल्यासारखे धडधडते. जुन्या धुराड्यातल्या भाजलेल्या मातीच्या नळ्या अशा उष्णतेने तडकतात. काही धुराड्यांत तर नुसत्या विटा असतात आणि त्यांच्या सांध्यांतला चुना झडलेला असतो. त्या फटींपलीकडे घराच्या लाकडी तुळया असतात.

यावरचा उपाय म्हणजे धुराड्याच्या आत स्टोव्हच्या मापाची दुसरी, स्टेनलेस स्टीलची नळी सोडणे. हेच लायनर. अमेरिकेतल्या यूएल १७७७ या मानकानुसार त्याची सुमारे ११५० अंशांच्या उष्णतेत चाचणी होते. भोवती अर्धा इंच जाडीची, आगीला दाद न देणारी लोकरीसारखी चादर गुंडाळली, की धूर छपरापर्यंत गरम राहतो आणि बाहेरच्या विटांना झळ पोचत नाही.

तळघरात या उबेचे मोल अधिक, कारण हिवाळ्यात अख्खे घरच धुराड्यासारखे वागते. गरम हवा वरच्या मजल्यांच्या फटींतून निसटते आणि तिची जागा भरायला खालून हवा ओढली जाते. स्वयंपाकघरातला पंखा आणि कपडे वाळवण्याचे यंत्र त्यात भर घालतात. धुराडे बाहेरच्या भिंतीला लागून, थंडगार असेल, तर ओढाताणीत घर जिंकते आणि धूर उलटा तळघरात उतरतो. पहाटे विस्तव मंदावल्यावर हे घडले, तर कार्बन मोनॉक्साइड घरात पसरतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. लायनर घरातला हवेचा दाब बदलू शकत नाही. ते धुराड्याचे बळ वाढवते. म्हणूनच ते बसवल्यावरही या वायूचा इशारा देणारे यंत्र घरात हवेच.

प्रत्यक्ष कामाला आधी झाडू लागतो. जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवी नळी आत सोडत नाहीत. मग कॅमेरा आत सोडून तडे पाहतात, उंची आणि आतले माप घेतात. अडचण येते ती बहुधा याच टप्प्यावर. आठ इंची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चौकोनी मातीच्या नळीची आतली रुंदी सातही इंच भरत नाही, आणि चादर गुंडाळलेले सहा इंची लायनर तर सात इंचांच्या वर जाते. अशा वेळी फिरत्या साखळ्यांच्या यंत्राने मातीच्या नळ्या आतल्या आत फोडून काढाव्या लागतात. चादर गाळून पैसे वाचवण्याचा मोह होतो तोही इथेच, आणि तो महागात पडू शकतो.

जागा मोकळी झाली, की वेटोळे केलेली लवचीक नळी छपरावर नेतात. एकजण ती वरून सोडतो; दुसरा तळघरातून टोकाला बांधलेला दोर ओढतो. तळाशी इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा जोड बसतो. त्याची आडवी शाखा भिंतीतल्या भोकातून स्टोव्हकडे येते. खालचे तोंड झाकणाने बंद करतात. वर पत्र्याची चकती आणि पावसाची टोपी. या नळीला दुसरे काहीही जोडायचे नाही, मग शेजारी तेलाची भट्टी असली तरी.

पहिला हिवाळा संपला, की ‘टी’चे झाकण उघडून पाहतात. आत कोरडी, तपकिरी भुकटी असेल, तर लाकूड वाळलेले होते आणि नळी गरम राहिली. काचेसारखा चकचकीत काळा थर दिसला, तर पुढच्या थंडीआधी सरपणाचा ढीग तपासावा लागतो: ओंडक्यांत पाण्याचा अंश वीस टक्क्यांच्या खाली आला होता का, आणि रात्री स्टोव्हच्या हवेची झडप फार आवळली जात होती का.