ढेप गाईची, कोंबडीला काय?

झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबन परिसरात शेत म्हटलं की कापूस, सोयाबीन, तूर. साहजिकच परसातल्या कोंबड्यांपुढेही घरात असेल तेच पडतं आणि त्यामागे एक तर्क असतो: सरकीच्या ढेपेवर गाय दूध देते, तर कोंबडी अंडी का देणार नाही? ढेपेत प्रथिनं भरपूर, हे खरं. पण सरकीत गॉसिपॉल नावाचा विषारी घटक असतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात त्याचा जोर बराच ओसरतो. कोंबडीच्या पोटात ती सोय नाही. ढेप खाणाऱ्या कोंबडीची अंडी काही दिवस ठेवली की बलक हिरवट-तपकिरी पडतो, सरकीच्या उरलेल्या तेलामुळे पांढऱ्यावर गुलाबी छटा येते आणि ढेप जास्त झाली तर अंडीच घटतात. कच्च्या सोयाबीनचं दुखणं वेगळं. त्यातला एक घटक प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनलाच अडवतो. म्हणजे दाणा सकस, पण कोंबडीच्या अंगी लागत नाही. नीट भाजलं की हा दोष बराचसा जातो. तेल काढलेली सोयाबीन पेंड कारखान्यात उष्णता देऊनच तयार होते, म्हणून कोंबडखाद्यात ती बिनधास्त चालते. कोंबडीच्या प्रथिनांसाठी या मुलखात पहिला विचार करायचा तो या पेंडेचा.

दुसरा समज ज्वारी-मक्याचा: मूठभर दाणे टाकले की झालं. मक्यात प्रथिनं ८-९ टक्के, ज्वारीत थोडी जास्त. अंड्यावरच्या कोंबडीला लागतात १६ ते १८ टक्के. यावर हमखास येणारा आक्षेप असा की आजीच्या कोंबड्या उकिरड्यावर चरूनच जगल्या, त्यांना कुठे पोतं लागत होतं? आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर त्या कोंबडीतच आहे. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते, मधे खुडूक बसते. एवढ्यापुरती प्रथिनं किडे, वाळवी, कोवळा पाला यांतून पावसाळ्यात तरी मिळतात. तिला विकतचं पूर्ण खाद्य घालणं हा माझ्या मते पैशाचा अपव्यय आहे. संध्याकाळी दाणे आणि थोडी पेंड पुरे. पण हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ग्रामप्रिया ही जात चांगल्या सांभाळात दीडशेच्या पुढे अंडी देते. तिची गरज उकिरडा भागवू शकत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच, कारण तेव्हा रानात किडाही नसतो आणि हिरवंही नसतं.

मग सगळ्यांनाच अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य घालावं का? इथे चूक उलट दिशेने होते. त्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतं, कारण एका कवचातच सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जातं. वाढत्या पिलांना आणि तलंगांना एक टक्क्याच्या आसपास पुरतं. जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. पिलं आणि मोठ्या कोंबड्या एकत्रच असतील तर सर्वांना वाढीचं खाद्य द्यावं आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. गरज असलेली कोंबडी तो स्वतः टिपते.

‘आमच्या जमिनीतच चुनखडी, शिंपले कशाला?’ असंही कुणी म्हणेल. मुकुटबनला सिमेंटचा कारखाना उभा राहिला तो याच दगडावर. पण जमिनीखालचा थर कोंबडीच्या चोचीत येत नाही. शिवाय दगडात मॅग्नेशियम जास्त असेल, म्हणजे तो डोलोमाइटकडे झुकत असेल, तर कोंबडीची विष्ठा पातळ होते, कवच कमकुवत होतं. भाजलेला चुना तर देऊच नये, तो तोंड पोळतो.

पोत्यातल्या खाद्यात संप्रेरकं असतात, ही भीती मात्र निराधार. वाढीचं संप्रेरक हे प्रथिन आहे. तोंडाने दिलं तर ते पचून जातं. गडद पिवळा बलक म्हणजे सकस अंडं, हेही तसंच. तो रंग पिवळ्या मक्यातून आणि हिरव्या पाल्यातून येतो, प्रथिनांशी त्याचा संबंध नाही. खरी भीती बुरशीची. पावसाळ्यात ओलसर मक्यावर किंवा शेंगदाणा पेंडेवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते, ते यकृत पोखरतं आणि उन्हात वाळवूनही पुरतं जात नाही. असा मका ‘कोंबड्या खातील’ म्हणून बाजूला काढून ठेवण्याची सवय ढेपेपेक्षाही महागात पडते.