बंदरावरचा मिस्त्री आणि सरकारी प्रशिक्षण

जून लागला की कोकणच्या बंदरांवरील हालचालीचे स्वरूपच पालटते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक मासेमारीस बंदी असते. नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, जाळ्यांची डागडुजी सुरू होते आणि एरवी जेथे मासळीच्या टोपल्या उतरतात तेथे इंजिने उतरू लागतात. या दोन महिन्यांत बंदरावर सर्वांत अधिक मान असतो तो तांडेलाला नव्हे आणि नाखव्यालाही नव्हे, तर इंजिनाच्या मिस्त्रीला. त्याच्या हाताशी कामे असतात तेवढे दिवस नसतात. त्याच्याजवळ पाने देणारा, डिझेलमध्ये सुटे भाग धुणारा एखादा तरुण पोरगा बसलेला दिसतो. उद्याचा मिस्त्री तो हाच. तो कसा शिकतो आणि त्याच्या शिकण्याचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न मत्स्यव्यवसायाच्या चर्चेत क्वचितच निघतो.

इंजिन मालमोटारीचे काय आणि नौकेचे काय, एकच, असे शहरी वाचकास वाटण्याचा संभव आहे. ते अर्धेच खरे आहे. ट्रॉलरवर दिसणारी अशोक लेलँडची सहा सिलिंडरची इंजिने ही मालमोटारींच्या इंजिनांचीच भावंडे होत. परंतु मालमोटारीच्या रेडिएटरला वारा मिळतो. नौकेच्या पोटात वारा कोठला? तेथे समुद्राचे पाणी पंपाने आत ओढून त्याच्याकरवी इंजिनातील गोडे पाणी थंड करावे लागते. खारे पाणी ज्या वाटेने जाते तेथील धातू खात जाते. म्हणून त्या वाटेवर जस्ताचे तुकडे बसवितात, हेतू हा की गंजाने आधी त्यांना खावे. पंपातील रबरी इम्पेलर वाळूने झिजला की पाणी थांबते आणि इंजिन तापते. शाफ्टची कथा तर याहून नाजूक. गिअरबॉक्सपासून पंख्यापर्यंत जाणारा हा दांडा इंजिनाच्या रेषेत केसभर चुकला, तरी नौका थरथरू लागते, बेअरिंगे जातात आणि शाफ्ट जेथून बाहेर पडतो तेथील पॅकिंगमधून पाणी आत येते. शिवाय लाकडी नौका पाण्यात उतरली की तिचे अंग थोडे बदलते; किनाऱ्यावर अचूक जुळविलेली रेषा पाण्यात पुन्हा तपासावी लागते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून ‘मेकॅनिक डिझेल’ होऊन आलेला तरुण अडतो तो नेमका येथे. नोझल आणि व्हॉल्व्ह त्याने हाताळलेले असतात. समुद्र हाताळलेला नसतो.

या अपुरेपणाची किंमत मोठी असते. रस्त्यात मालमोटार बंद पडली तर चालक झाडाखाली बसून राहील. खोल समुद्रात इंजिन बंद पडलेली नौका वाऱ्याच्या आणि ओढीच्या स्वाधीन होते. तिला ओढून आणणारी दुसरी नौका मिळाली, तरी त्या दुसरीचीही फेरी बुडते. डिझेल, बर्फ आणि खलाशांचे श्रम दुप्पट वाया जातात. हवामान बिघडलेले असेल तर हिशेब पैशांचा उरतच नाही.

शिक्षणाची सोय अजिबात नाही असे नव्हे. केंद्र सरकारने १९६३ मध्ये कोची येथे स्थापन केलेली, आज ‘सिफनेट’ या नावाने ओळखली जाणारी संस्था दहावी उत्तीर्ण मुलांना ‘मरीन फिटर’चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकविते. तिच्या शाखा चेन्नई आणि विशाखापट्टणम येथे आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर एकही नाही. राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग वर्सोवा, रत्नागिरी आदी केंद्रांत नौकानयन व सागरी डिझेल इंजिनाची देखभाल यांचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण देतो. अटी साध्या आहेत : शिक्षण किमान चौथीपर्यंत, पोहता येणे आवश्यक आणि उमेदवार क्रियाशील मच्छीमार असावा. शुल्कही नाममात्र आहे. परंतु शुल्क म्हणजे शिक्षणाचा खर्च नव्हे, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. सत्रे बहुधा जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात. जानेवारीत येणाऱ्या तरुणाचे हंगामाचे पाच महिने जातात. जुलैत येणाऱ्याचा नारळी पौर्णिमेनंतरचा भर जातो. जो क्रियाशील मच्छीमार आहे त्यालाच अर्ध्या वर्षाचा वाटा सोडावयास लावणारी ही योजना आहे. नौकामालकाचा मुलगा हे सोसू शकतो. खलाशाचा मुलगा नाही.

उरते ते मिस्त्रीचे खोपट. मिस्त्री हातचे राखून शिकवितो, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. त्याने तसे का करू नये? शिकविल्याबद्दल त्याला कोणी एक पैसा देत नाही. उलट पूर्ण शिकलेला शिष्य पुढल्या हंगामात शेजारीच दुकान थाटतो. शिकाऊ उमेदवारांचा १९६१ चा कायदा अशा वेळी उपयोगी पडावयास हवा होता. परंतु तीस वा अधिक माणसे कामास असलेल्या आस्थापनांवरच तो शिकाऊ उमेदवार घेण्याची सक्ती करतो आणि चाराहून कमी माणसे असलेल्यांना स्वेच्छेनेही त्यात येता येत नाही. बंदरावरच्या खोपटात मिस्त्री धरून दोन माणसे.

एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा दिला. डिझेलवरील विक्रीकराची सवलत मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत गेली अनेक वर्षे मिळत आहेच. इंजिन जितके डिझेल पिते तितकी सवलत वाढते, आणि बिघडलेले इंजिन अधिक डिझेल पिते, ही गोष्ट मात्र सवलतीच्या हिशेबात कोठे दिसत नाही. या रकमेचा अगदी लहानसा अंश त्याच सहकारी संस्थांच्या हाती दिला, तर बंदीच्या एकसष्ट दिवसांत शिकाऊ मुलास विद्यावेतन आणि मिस्त्रीस शिकविण्याचे मानधन देता येईल. हंगाम न बुडविता असे तीन पावसाळे काढले की विभागाने परीक्षा घ्यावी व प्रमाणपत्र द्यावे. इंजिने तेव्हा आयतीच उघडलेली असतात. त्यासाठी इमारत बांधावी लागणार नाही. परीक्षक कोठून आणणार, ही अडचण खरी आहे. पण निवृत्त मिस्त्री प्रत्येक बंदरात आहेत.

सध्या मात्र ३१ जुलैला बंदी संपते आणि पाने देणारा तो मुलगा १ ऑगस्टला खलाशी म्हणून नौकेवर चढतो, कारण वाटा तेथे मिळतो. पुढल्या जूनमध्ये मिस्त्रीच्या खोपटात बहुधा दुसराच मुलगा सुटे भाग धूत असतो.