पाण्यावरचं घर बदलताना

जमिनीवरचं जुनं घर पाडलं की मागे जागा उरते. ॲमस्टरडॅमच्या कालव्यात जुनं घर दोर सोडून निघून जातं आणि मागे नुसतं पाणी उरतं. तरीही कायद्याच्या लेखी तिथे एक पक्की जागा असते. तिथे कोणत्या प्रकारचं, किती लांब, किती रुंद आणि किती उंच घर तरंगू शकेल, हे आधीच ठरलेलं असतं. रिकाम्या पाण्यावर आखलेला हा अदृश्य चौकोन मला नगररचनेतली एक अद्भुत गोष्ट वाटते.

या शहरात सुमारे अडीच हजार तरंगती घरं आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची भीषण टंचाई होती, आणि त्याच काळात जुन्या मालवाहू नौका धंद्यातून बाद होत होत्या. लोकांनी त्या विकत घेऊन संसार थाटले. पुढे दुसरा प्रकार रुजला: काँक्रीटच्या पोकळ पेटीवर उभारलेलं, इंजिन नसलेलं सरळसोट घर. पोलादी तळाची नौका दर काही वर्षांनी सुक्या गोदीत नेऊन तपासावी आणि रंगवावी लागते. काँक्रीटची पेटी मात्र वर्षानुवर्षं पाण्यातच राहू शकते.

मग हे घर म्हणजे नाव की इमारत? 2014मध्ये नेदरलँड्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने उत्तर दिलं. लाटेबरोबर वरखाली होत असलं, तरी जे घर एकाच ठिकाणी राहण्यासाठी बांधून ठेवलं आहे आणि खुंटांमार्फत जमिनीशी जोडलेलं आहे, ते इमारतच ठरू शकतं. या एका निकालाने देशभरातली हजारो घरं बांधकाम परवानगी नसलेल्या इमारती ठरण्याची वेळ आली. म्हणून 1 जानेवारी 2018पासून नवा कायदा लागू झाला. पाण्यात मुक्कामाचा परवाना असलेल्या जुन्या घरांना त्याने संरक्षण दिलं. खरोखर प्रवासासाठी बनवलेल्या आणि तशा वापरल्या जाणाऱ्या जहाजांना इमारतीच्या व्याख्येबाहेर ठेवलं. मात्र जुन्याच्या जागी नवं घर आणायचं, तर ते बांधकामाच्या नियमांत बसायला हवं.

इथे नियम आणि भौतिकशास्त्र यांची गाठ पडते. घराची उंची पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतात. आता 20 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद पेटी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात एक टन वजन वाढलं, की आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे ती बरोबर 1 सेंटिमीटर खाली जाते. म्हणजे पुस्तकांची कपाटं, पियानो, फरशी या सगळ्यांचा भार घराच्या कायदेशीर उंचीत उतरतो! भार एका बाजूला जास्त झाला तर घर कलतं, म्हणून तळाशी वजनं ठेवून तोल साधावा लागतो. वर उंचीची मर्यादा असल्यामुळे वास्तुरचनाकार खाली सरकतात. झोपायच्या खोल्या पाण्याच्या पातळीखाली जातात आणि खिडकीशी बदकं पोहतात. पण किती खाली जायचं, हे कालव्याचा तळ ठरवतो. शिवाय घर कारखान्यात बांधून पाण्यातून ओढत आणायचं असतं, त्यामुळे वाटेतला प्रत्येक पूल आणि प्रत्येक जलद्वार त्याचं माप घेतं.

इतकी काटेकोर मापं कशासाठी? शहराच्या मध्यभागातली सतराव्या शतकातली कालव्यांची रचना 2010पासून जागतिक वारसा आहे. घरं लांब, उंच आणि एकमेकांना चिकटून उभी राहिली, तर काठावरून चालणाऱ्याला कालवा दिसणारच नाही. म्हणून दोन घरांमध्ये मोकळं पाणी राखावं लागतं; तेच अंतर आगीच्या वेळीही उपयोगी पडतं. जुन्या जहाजांचं दृश्य टिकावं म्हणून अनेक ठिकाणी जहाजाच्या जागी जहाजच आणावं लागतं, काँक्रीटची पेटी चालत नाही.

घरमालकाला हे जाचक वाटणं स्वाभाविक आहे. आयुष्यभराची कमाई ओतून बांधायच्या घराची उंची हातभर कमी करावी लागते, तेव्हा ते दुखतंच. तरीही मला हे नियम फार मोलाचे वाटतात. घर मालकाचं असतं, पण ते ज्यावर तरंगतं ते पाणी साऱ्या शहराचं. काठावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही त्या पाण्याचं दर्शन घेण्याचा हक्क आहे, हे या शहराने मीटरच्या मापात लिहून ठेवलं आहे. घरं बदलत राहतील. तो हक्क प्रत्येक नव्या घराने जपायचा आहे.