कातळावरची रेघ, चिनीमातीवर

काशेळीच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरचा हत्ती उभ्या माणसाच्या एका नजरेत मावत नाही. राजापूर तालुक्यातलं हे कातळशिल्प सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. हत्तीच्या अंगातच मासे, पक्षी, चौपाये अशा कित्येक लहान आकृत्या कोरलेल्या आहेत. हा हत्ती वीतभर थाळीवर आणायचा तर काय करावं लागेल? चित्र लहान करून छापलं की काम झालं, असं वरवर वाटतं. घरसजावटीच्या बाजारात बहुधा होतंही तेच. वारलीचा तारपा नाच, लक्ष्मीची पावलं, गोपद्म, कासव यांची चित्रं खास कागदावर छापतात, तयार मग किंवा फुलदाणीवर चिकटवतात आणि पुन्हा साधारण ८०० अंशांपर्यंत भाजतात. त्यामुळे चित्र पक्कं होतं, पण ज्या हातानं ते मुळात काढलं त्या हाताची हालचाल त्यात राहत नाही.

लोकचिन्ह म्हणजे नुसता आकार नव्हे. कुठल्या पृष्ठभागावर, कशानं, कुठल्या निमित्तानं ते काढलं, तेही त्या चिन्हातच असतं. चिनीमातीच्या कारागिराकडे या प्रत्येक हालचालीसाठी जुळणारी युक्ती आहे, आणि मला या कामात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

कातळशिल्प वजाबाकीनं होतं. जांभ्याचा वरचा काळपट थर खोदून काढला की रेघ उमटते. मातीकामात नेमकं हेच करता येतं. लाल मातीची थाळी थोडी सुकली, चामड्याइतकी घट्ट झाली, की तिच्यावर वेगळ्या रंगाच्या पातळ मातीचा लेप द्यायचा आणि टोकदार हत्यारानं तो खरवडायचा. आतली लाल माती उघडी पडते, कडेला मातीचा बारीक कीस उभा राहतो, हात कुठे थांबला आणि कुठे जोरात गेला तेही दिसतं. अशा थाळीवर बोट फिरवलं तर रेघेची खोली लागते. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा असलेला माणूस असाच खोदून आणला तर त्यात काही जीव येईल.

रांगोळीचं उलट, ती बेरीज आहे. चिमटीतून पूड सोडत जायची. त्यासाठी कारागीर दह्याइतकी दाट पांढरी माती पिचकारीत भरतात आणि भांड्यावर तिची धार सोडतात. धार किंचित उंच राहते, वळणावर जाड होते. चैत्रांगणातली चिन्हं म्हणजे सूर्य, चंद्र, शंख, चक्र, तुळशीवृंदावन, नाग, कासव, हत्ती. सारवलेल्या खळ्यात चैत्रगौरीसाठी काढली जाणारी ही चिन्हं धारेनं ओढली तर अंगणातल्या बाईचा हात ओळखू येतो. वारलीचंही तसंच. गेरूनं रंगवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, म्हणून लाल मातीवर पांढरा लेप तिला जवळचा. चकचकीत पांढऱ्या मगवर काळी वारली मला कधीच पटली नाही.

जुनी चित्रं भांड्यांवर आणण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात नवा नाही. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी १८७० च्या दशकात मातीकामाची कार्यशाळा उभी केली. त्याच काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली शाळेचे विद्यार्थी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होते. अजिंठ्याच्या आकृती मग फुलदाण्यांवर आणि थाळ्यांवर आल्या. त्या शोभल्या, कारण मुळात त्या कुंचल्याच्याच होत्या आणि भांड्यावरही कुंचल्यानंच उतरल्या.

रत्नागिरीच्या घरात चिनीमाती शोभते त्याला आणखी एक साधं कारण आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. काचेत बसवलेलं कागदी चित्र दोन-तीन पावसाळ्यांत बुरशीचे ठिपके धरतं. कमी आचेवर भाजलेली लाल मातीची वस्तू पाणी पिते आणि भिंतीच्या ओलीतले क्षार तिच्यावर पांढरे फुलतात. बाराशे अंशांच्या पुढे भाजलेली, चकाकीचा लेप दिलेली थाळी मात्र फडक्यानं पुसली की झालं. वाळवणीचं तेवढं सांभाळावं लागतं. आषाढात माती लवकर सुकत नाही, घाईनं भट्टीत घातली तर आतल्या वाफेनं फुटते.

जागेचा विचारही हवा. रांगोळी पुसली जाते, उद्या पुन्हा काढता येते. टाइलवरचं चिन्ह कायम राहतं. लक्ष्मीची पावलं उंबऱ्याशी आत येताना काढतात; तीच न्हाणीघराच्या फरशीवर बसवू नयेत. जिन्याच्या कोपऱ्यात कुणी थुंकू नये म्हणून देवांच्या टाइल लावायची जी पद्धत पडली आहे, ती मला फार वाईट वाटते.

आकृतीही नीट पाहून घ्यायला हवी. देवळातल्या कासवाला आखूड, थोराड पाय असतात. मंडणगडच्या वेळासला अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवाला वल्ह्यांसारखे पर. दोन्ही कासवं कोकणचीच, पण एक देवासमोरचं आणि दुसरं समुद्रातलं. एकाच्या पाठीला दुसऱ्याचे पाय लावून केलेलं शोभेचं कासव कुणाचंच राहत नाही.

कातळशिल्पांबद्दल कारागिरांना एक मागणं आहे. काशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण आणि उक्षी ही रत्नागिरी जिल्ह्यातली स्थळं, शिवाय सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसईमाळ, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं सडे पालथे घातले, तेव्हा रत्नागिरीतली यांपैकी बरीच चित्रं जगाला दिसली. उक्षीच्या हत्तीला गावानं सांभाळलं. देवीहसोळच्या चौकोनी शिल्पाशी आर्यादुर्गेच्या उत्सवाचं आजही नातं आहे. तेव्हा थाळीच्या तळाशी नुसतं ‘आदिवासी कला’ किंवा ‘कोकणी नक्षी’ लिहू नका. भाजण्याआधी ओल्या मातीत आपल्या नावाशेजारी गावाचंही नाव कोरा: काशेळी, तालुका राजापूर.