पंधरा गुणांचं पुस्तक

फर्दापूरच्या तिठ्यापासून अजिंठा लेणी चार किलोमीटर. इथल्या इतिहासाच्या प्राध्यापकाला विषय शोधत फिरावं लागत नाही; त्याला लिहितं करणारं कुणी मात्र हवं असतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने ११ फेब्रुवारी २०२५ रोजी नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद केल्याचं जाहीर केलं आणि ही जुनी उणीव पुन्हा ठसठसू लागली.

मराठवाडा विद्यापीठ १९५८चं. पुढे प्राध्यापकांसाठी उद्बोधन वर्ग आले, उजळणी वर्ग आले; त्याला लिहितं करणारं मात्र कुणी आलं नाही.

खरी पडझड झाली २०१० नंतरच्या दशकात. २०१० साली ‘एपीआय’, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीसाठी आयोगाचा गुणांचा तक्ता, आला. परीक्षित नियतकालिकातल्या एका लेखाला १५ गुण. परीक्षण नसलं तरी नियतकालिकाला आयएसएसएन क्रमांक असला की १०. आणि स्थानिक प्रकाशकाने काढलेल्या अख्ख्या पुस्तकाला? तेही १५च. कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्यासाठी आयुष्यातली कित्येक दशकं दिली, तेव्हा कुठे २००५ साली त्यांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला. असल्या धीराला त्या तक्त्यात जागाच नव्हती.

मग बढतीच्या, म्हणजे स्थाननिश्चितीच्या, फायली फुगल्या. मुखपृष्ठाची झेरॉक्स, अनुक्रमणिकेची झेरॉक्स, त्यात स्वतःच्या नावावर पिवळा हायलायटर, मागे चार पानांचा लेख. पैसे भरले की आठवड्यात छापून देणारे गावोगाव उगवले. कष्टाने लिहिलेले चांगले लेखही त्याच ढिगात गाडले गेले, हे सगळ्यात वाईट.

२०१८ साली भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिलं, की विद्यापीठांच्या शिफारशीने आयोगाच्या तेव्हाच्या मान्य यादीत शिरलेल्या, इतरत्र नोंद नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या प्रकाशन-नीती केंद्राने चाळणी लावली, २०१९ मध्ये ‘केअर’ आली. काम मोलाचंच होतं. पण कुठे छापावं हे कळलं तरी कसं लिहावं हा प्रश्न उरलाच. त्याच वर्षी मंजूर झालेला प्रकाशन-नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रमही पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी. वीस वर्षं शिकवणाऱ्याने जायचं कुठे?

त्याला हवी एक खोली, ठरलेला वार, मराठी मसुदा ओळीने वाचणारा संपादक आणि समासात ‘हा पुरावा कुठला?’ असं लिहिणारी पेन्सिल. ही खोलीही शंभरेक किलोमीटरवरच्या विद्यापीठात नको. स्पिंक विद्यार्थ्यांना लेण्यांत उभं करून शिकवत. तसंच हे लेखनकेंद्र फर्दापूरलाच भरावं. सोमवारी लेणी बंद असतात. तो दिवस मसुद्यांना देता येईल.